पिवळ्या डबीतला आकडा कुणी भरला?

परवाच्या शनिवारी संध्याकाळी माझी भाची आली. आमच्या गावापासून तासाभरावर औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यात ती सुरक्षा विभागात काम करते. सोमवारी पुण्याला काही यंत्रं तपासून आणायची होती, म्हणून वाटेत मावशीकडे मुक्काम. चहा व्हायच्या आधीच तिनं पिशवीतून चार पिवळ्या डब्या काढल्या आणि जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. साबणाच्या वडीपेक्षा थोड्या मोठ्या. एक सुरूच होती.

तेवढ्यात नातू खेळून आला. करोनाच्या दिवसांत लागलेली सवय, टेबलाशीच उभं राहून त्यानं हाताला सॅनिटायझर चोळलं. आणि काय सांगू, ती डबी अशी किंचाळली की माझ्या हातातलं चहाचं भांडंच हिंदकळलं. लाल दिवे लुकलुकतायत, डबी टेबलावर थरथरतेय, नातू कानावर हात ठेवून उभा. आतल्या खोलीतून आमचे हे ओरडले, "सिलेंडर बंद करा आधी!"

भाचीनं शांतपणे एक बटण दाबलं. "काही नाही गं मावशी. सॅनिटायझरच्या वाफेला फसली. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा सेन्सर आहे ना हिच्यात, त्याला अल्कोहोलची वाफसुद्धा तसलीच वाटते."

"म्हणजे ही खोटंही ओरडते?"

"कधी कधी. आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो."

तो घोळ काय, हे तिनं जेवणं झाल्यावर रात्री अकरापर्यंत सांगितलं. मी शाळेत वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं, वायूंचे गुणधर्म मुलांकडून पाठ करून घेतले. पण यातलं निम्मंसुद्धा मला माहीत नव्हतं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आपल्या पानावर हे यंत्रतंत्र कशाला? तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेनं १९४८ च्या कारखाने कायद्याची जागा घेतली. तिच्यानुसार स्त्रियांना सगळ्या आस्थापनांत, सगळ्या प्रकारच्या कामांवर घेता येतं. संमती असेल आणि सुरक्षिततेच्या अटी पाळल्या असतील तर संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधीही. कालपर्यंत जी कामं "बाईमाणसाचं काम नाही" म्हणून बंद होती, ती दारं आता उघडली. चांगलंच झालं, मला आनंदच आहे. पण दारातून आत गेल्यावर आपल्या लेकीच्या पट्ट्याला लावलेली डबी खरं बोलते का, हे विचारायचं काम आपल्याही वाट्याला आलंय.

आधी डबीबद्दल. तिला चार वायूंचा डिटेक्टर म्हणतात. पडद्यावर चार खाने, चार आकडे. पहिला ऑक्सिजन. मोकळ्या हवेत २०.९ टक्के. दुसरा पेट घेणाऱ्या वायूचा. तिसरा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तो सडक्या अंड्याच्या वासाचा. चौथा कार्बन मोनॉक्साइड, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचा जीव घेणारा. शेवटचे दोन 'पीपीएम'मध्ये मोजतात, दशलक्ष भागांत किती भाग. डबी सतत हवा चाखत असते आणि आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ओरडते.

आता गंमत बघा. ती मर्यादा डबी स्वतः ठरवत नाही. कुणीतरी माणूस ती आत भरतो. कारखान्यातून येताना कंपनीनं काही आकडे भरून दिलेले असतात. साधारणपणे ऑक्सिजन १९.५ च्या खाली गेला किंवा २३.५ च्या वर गेला तर, हायड्रोजन सल्फाइडला १० वर पहिली हाक आणि १५ वर दुसरी, कार्बन मोनॉक्साइडला बहुधा ३५ वर पहिली. पेट घेणाऱ्या वायूचा आकडा फसवा असतो. तिथे १० लिहिलं म्हणजे हवेत दहा टक्के वायू नव्हे. वायू ज्या पातळीला ठिणगी मिळताच पेटेल, त्या पातळीच्या दहा टक्के. मिथेन हवेत पाच टक्के झाला की पेटू शकतो, म्हणजे अर्धा टक्का झाला की डबीनं ओरडायचं. पण संगणकाला जोडून किंवा बटणांनी पासवर्ड घालून हे सगळे आकडे बदलता येतात. बदलता आलेच पाहिजेत, कारण प्रत्येक जागा वेगळी. पण जे बदलता येतं, ते बिघडवताही येतं.

भाचीची पहिली नोकरी दुसरीकडे होती, नाव कशाला घ्या. तिथे सांडपाण्याच्या टाक्यांशी झाडलोटीला कंत्राटी बायका होत्या. सगळ्या आसपासच्या खेड्यांतल्या, सकाळी टमटममधून येणाऱ्या. त्या हिला म्हणायच्या, "मॅडम, दुपारनंतर डोळे चुरचुरतात, डोकं ठणकतं." मुकादमाचं म्हणणं, उन्हाचं होतंय. हिनं टाकीवरच्या ऑपरेटरची डबी पाहिली. गडी म्हणाला, "ही कधी वाजतच नाही, इथं गॅसबिस काही नाही."

आठवडाभर ती वाजली नाही, म्हणून हिला शंका आली. सांडपाण्याच्या टाकीपाशी वर्षानुवर्षं एकदाही न वाजणारी डबी? तिनं ती संगणकाला जोडली. हायड्रोजन सल्फाइडची पहिली हाक १० ऐवजी ५० वर, दुसरी १०० वर. ऑक्सिजनची १८ वर. कुणी कधी बदललं, नोंद नाही. पासवर्ड डबीच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहिलेला. विचारलं तर उत्तर आलं, "सारखी कोकलायची हो, काम करू देत नव्हती."

१०० हा आकडा किती भयंकर आहे बघा. सडक्या अंड्याचा वास एक पीपीएमपेक्षा कमी वायूलाही येतो. पण वायू १०० च्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे गॅस गेला, असं माणसाला वाटतं. खरं तर तो वाढलेला असतो. ५०० च्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजारला तर एकदोन श्वासांतच. म्हणजे त्या डबीची शेवटची हाक अशा जागी लावून ठेवली होती, जिथे माणसाचं नाक आधीच संपावर गेलेलं. डोळे चुरचुरायला मात्र १०-२० सुद्धा पुरतात. त्या बायका बरोबर सांगत होत्या. त्यांचे डोळे त्या डबीपेक्षा खरे होते.

हिनं वरिष्ठांची सही घेऊन आकडे परत जागेवर आणले. पहिल्याच दिवशी डबी तीनदा वाजली. साहेब चिडले. "मॅडम, आल्या आल्या काम बंद पाडायला आलात का?" हिनं डबी हातात घेऊन परिसरभर फेरी मारली. एका चेंबरच्या झाकणापाशी आकडा विसाच्या पुढे गेला. खालच्या नळीतलं पाणी आटलं होतं. आपल्या मोरीच्या जाळीखाली जसं पाणी साठून वास अडवतं ना, तसलंच ते पाणी. ते आटलं आणि टाकीतला वायू सरळ वर. आणि त्या चेंबरवर झाडाची सावली पडते म्हणून बायका रोज दुपारी तिथेच डबे उघडून बसायच्या.

पाणी सोडलं, झाकण नीट बसवलं, बायकांची जागा बदलली. काम अर्ध्या दिवसाचं. पण डबीचा आकडा खोटा असल्यानं किती दिवस, किती महिने त्या बायका तिथे जेवल्या, याचा हिशेब कुठल्या वहीत नाही. त्यांच्यापैकी एकीच्याही कमरेला डबी नव्हती, हे आणखी वेगळंच. डबी "टेक्निकल स्टाफ"ला मिळते. झाडणारीला झाडू मिळतो.

माझं मत विचाराल तर, तो आकडा वाढवणारा माणूस काही राक्षस नव्हता. दिवसाला वीस वेळा ओरडणाऱ्या यंत्राचं आपण सगळेच असंच करतो. मोबाइलचा गजर नाही का झोपेत बंद करत? पण एक यंत्र सारखं ओरडतंय, तर प्रश्न "याला गप्प कसं करू" हा नसतो, "हे का ओरडतंय" हा असतो. सॅनिटायझरला ओरडलं, तर सॅनिटायझर लांब ठेवा. चेंबरला ओरडलं, तर चेंबर दुरुस्त करा. आकडा हलवण्याची पाळी सगळ्यात शेवटी, आणि तीही दोन सह्यांनी, तारीख घालून.

बरं, कायद्यातला आकडा तरी एकच आहे का? तसंही नाही. आपल्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात हायड्रोजन सल्फाइडला आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १० दिलेली होती आणि थोड्या वेळासाठी १५. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची जी संस्था असे आकडे सुचवते, तिनं २०१० सालीच ते १ आणि ५ वर आणले. म्हणजे हवेत चार पीपीएम असेल, तर आपल्या जुन्या आकड्यावर लावलेली डबी दिवसभर गप्प राहील आणि त्या तज्ज्ञांच्या हिशेबानं मात्र आठ तासांची मर्यादा चौपट ओलांडलेली असेल. कार्बन मोनॉक्साइडलाही आपल्याकडे आठ तासांना ५० आणि थोड्या वेळासाठी तब्बल ४०० धरलेले. पोटुशी बाई असेल तर हा वायू वारेतून बाळापर्यंत जातो आणि बाळाच्या रक्तातून तो बाहेर पडायला आईपेक्षा जास्त वेळ लागतो. सगळ्या प्रकारच्या कामांवर स्त्रिया येणार, तर हे आकडे पुन्हा तपासायला नकोत? कायद्यातला आकडा ही वरची हद्द असते. डबीत त्याहून कमी भरायला कुणाची मनाई नाही.

सरासरीची भानगडही समजून घेण्यासारखी आहे. तत्काळ ओरडण्याशिवाय ही डबी मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवते आणि पंधरा मिनिटांची नि आठ तासांची सरासरी काढते. थोडा थोडा वायू दिवसभर छातीत गेला, तर तेही तिला कळतं. पण बऱ्याच डब्या बंद करून पुन्हा सुरू केल्या की हा हिशेब शून्यावर येतो. जेवणाच्या सुट्टीत बॅटरी वाचवायला डबी बंद केली, की सकाळचा सगळा हिशेब पुसला. एकाच डबीत दोघीजणी वाटून काम करत असतील तर तो हिशेब नेमका कुणाचा? आणि आता शिफ्टचे तासही बदलतायत. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ पर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठ तास १० पीपीएममध्ये राहून जेवढा वायू आत जातो, तेवढाच बारा तासांत पावणेसातला जातो. शिवाय घरी येऊन शरीर सावरायला मिळणारे तास चारनं कमी, आणि घरी आल्यावर बाईला कुठलं सावरणं! चूल वाटच बघत असते. तेव्हा शिफ्ट लांबली की डबीतली आठ तासांची गणितं तशीच ठेवून चालणार नाही. नव्या शिफ्टच्या चर्चेत पगार, बस, पाळणाघर सगळं येतं, हे मात्र कुणी काढलेलं मी ऐकलं नाही.

हे सगळं ऐकता ऐकता मला २०२४ चा गुढीपाडवा आठवला. ९ एप्रिल. त्या दिवशी नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत बायोगॅसचं शेण, रबडी सोडायचे. मांजराला काढायला एक उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एकच वाचला, कारण त्याला वर ओढता आलं. त्याच दिवशी तिकडे विरारला एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगार गेले. त्याआधी २०२३ च्या मे महिन्यात परभणीच्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक उपसताना पाच जण गेले होते. पेपरात अशी बातमी आली की आपण "अरेरे" म्हणतो आणि पान उलटतो.

जुन्या माणसांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं असत, जमिनीखालची कोठारंच ती. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे; आतली हवा निघून जाऊ द्यायची. विहिरीत उतरण्याआधी आमचे आजोबा पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचे. कंदील विझला, तर उतरायचं नाही. कंदील म्हणजे त्यांचा अलार्मच, आणि त्याचा आकडा निसर्गानं भरलेला: ऑक्सिजन साधारण सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत विझते. डबी १९.५ लाच ओरडते, म्हणजे कंदिलापेक्षा बरीच आधी. आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड कंदिलाला कळतच नाही. ज्योत मजेत जळत असते आणि खाली माणूस मरतो. बायोगॅसच्या खड्ड्यात तर कंदील सोडणं म्हणजे बारुदात काडी टाकणं. आजोबांची रीत त्यांच्या विहिरीपुरती ठीक होती. आज कुणी ती सेप्टिक टँकवर करून बघू नका.

पण डबीही सर्वज्ञ नाही, हे भाचीनं मला दोनदा बजावून सांगितलं. चार वायूंच्या नेहमीच्या डबीत कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नसतो. जुन्या विहिरीत, धान्याच्या पेवात, बायोगॅसच्या खड्ड्यात हा वायू भरपूर, आणि तो हवेपेक्षा जड, तळाशी बसणारा. आता साधं गणित करा. हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला, तर ऑक्सिजन किती कमी होईल? २०.९ चा पंचविसावा नाही, विसावा भाग म्हणू, साधारण एक टक्का. म्हणजे डबी दाखवणार १९.९. मर्यादा १९.५. डबी गप्प! आणि चार टक्क्यांनाच या वायूला जिवाला तत्काळ धोका मानलं जातं. आकडे बरोबर भरलेली, कालच तपासून आणलेली डबीसुद्धा इथे गप्प राहील, कारण तिला तो प्रश्नच विचारलेला नाही. अशा जागी कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर असलेली डबी लागते. ऑक्सिजन २०.९ वरून २०.२ ला आला तरी "चालतंय" म्हणायचं नसतं; उरलेल्या जागेत काय शिरलंय, हे आधी शोधायचं असतं.

हे सांगताना तिला झोप येत होती आणि मला येत नव्हती. कारण मला माझीच एक गोष्ट आठवत होती.

चौदापंधरा वर्षं झाली असतील. मे महिना होता, घरी लग्नाची पाहुणेमंडळी यायची होती आणि सेप्टिक टँक तुंबला. गाडी बोलवायची तर जिल्ह्याच्या गावाहून येणार, चार दिवस थांबा म्हणाले. कुणीतरी दोन माणसं आणून दिली. बापलेक होते. मुलगा जेमतेम विशीतला. मी परसात खुर्ची टाकून बसले होते, लवकर आवरा म्हणत होते. पोरगा कमरेला दोरी न बांधताच उतरला. पाचेक मिनिटांनी वर आला तो भेलकांडत, तिथेच ओकला. मी लिंबूपाणी दिलं, पन्नास रुपये जास्त दिले आणि आपण किती चांगल्या आहोत असं वाटून घेतलं. मग तो पुन्हा उतरला. मी बघत होते.

विज्ञान शिकवणारी बाई मी. नववीच्या वर्गात हायड्रोजन सल्फाइडचा धडा झाला होता त्याच वर्षी.

पुढे २०१३ साली कायदा आला: सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाही माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायचं नाही. हा कायदा नगरपालिकेलाच नाही, घरमालकालाही लागू आहे, म्हणजे खुर्ची टाकून बसणाऱ्या माझ्यासारखीलाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या कायद्याच्या नियमांत साधनांची यादी आहे, तिच्यात चार वायूंचा हा डिटेक्टर आहे, हवा फेकणारा पंखा, दोर, कमरपट्टा, तिवई आहे, आणि जुना लेड ॲसिटेटचा कागदही आहे, जो हायड्रोजन सल्फाइड लागला की काळा पडतो. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. यादी आहे, शिक्षा आहे, भरपाई आहे. आणि केंद्र सरकारनंच करून घेतलेल्या पाहणीत काय निघालं? २०२२ आणि २०२३ मध्ये देशात असे दीडशे मृत्यू झाले, त्यातले ५४ तपासले, तर ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचं कुठलंही साधन नव्हतं. २०२५ च्या जुलैत संसदेत आलेला हा आकडा. म्हणजे आपण इथे अलार्म दहावर हवा की पाचवर याची चर्चा करतोय आणि तिकडे डबीच नाही.

मग चर्चा फुकट का? मला तसं वाटत नाही. कारण डब्या आता येतायत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'नमस्ते' योजनेत सफाई कामगारांना सुरक्षेची साधनं द्यायचं ठरलंय. नगरपालिका खरेदी करतायत, कंत्राटाच्या अटीत लिहितायत. एखाद्या चांगल्या मोबाइलच्या किमतीत डबी येते. उद्या आपल्या गावातही येईल, फोटो निघेल, पेपरात छापून येईल. आणि मग ती कपाटात जाईल. सेन्सर दोनतीन वर्षांत म्हातारे होतात, कुणाला पत्ता नसतो. पडद्यावर आकडे दिसत राहतात, हिरवा दिवा लुकलुकत राहतो. सिलिकॉनचा स्प्रे जवळपास मारला गेला तर पेट घेणाऱ्या वायूचा सेन्सर आंधळा होऊ शकतो, आणि आंधळा झाला की तो शून्यच दाखवतो. शून्य म्हणजे सगळं ठीक, असं वाचणाऱ्याला वाटतं.

म्हणून रोज कामाआधी डबीला वायू हुंगवतात. छोट्या नळकांड्यात मोजून भरलेला वायू असतो, तो काही सेकंद सोडायचा. चारही अलार्म वाजले, थरथरली, दिवे लागले, तर डबी जिवंत. घराची बेल वाजते का हे बटण दाबून बघावं तसं. आणि ठरावीक मुदतीनं, त्याच मोजक्या वायूवर, ती आकडाही बरोबर दाखवते का ते जुळवून घ्यायचं. वाण्याच्या काट्याला दरवर्षी वजनमापवाले शिक्का मारतात ना, तसं. भाची पुण्याला निघाली होती ती याचसाठी.

आता माझ्या घरी टँक उपसायची वेळ आली की मी गाडीच बोलावते, चार दिवस थांबावं लागलं तरी. गेल्या वर्षी गाडीवाल्यानंच विचारलं, "ताई, तळाशी गाळ घट्ट झालाय, पोरगा उतरवू का दोन मिनिटं?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मीटर आहे आमच्याकडं." मी म्हटलं, "दाखवा." त्यानं खरंच गाडीतून डबी आणून दाखवली! बटण दाबलं, तर बॅटरी नव्हती. तोही हसला, मीही. पण आज तीच डबी सुरू असती तर मी आणखी विचारलं असतं. शेवटचा वायू कधी हुंगवला होता? आकडे काय भरलेत? पोरगा उतरणार, तर डबी आधी दोरीनं तळापर्यंत सोडणार की नुसती झाकणाशी धरणार? मिथेन वर जातो, हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. वर धरलेल्या डबीला तळातलं काय कळणार? नळीतून हवा ओढणारी डबी असेल तरी नळीच्या लांबीप्रमाणे थांबावं लागतं, लगेच आकडा दिसत नाही. वाजल्यावर कोण ओढणार वर, आणि कशानं? खाली गेलेल्याच्या मागे दुसरा उतरणार नाही, असं कोण बघणार?

आणि लेक कारखान्यात असेल तर तिलाही विचारा. जेवण झालं का, बस मिळाली का, हे आपण रोज विचारतोच. एकदा विचारा, तुझी डबी पहिली हाक किती आकड्याला देते? ती वाजली की तू बाहेर येतेस, की दुसऱ्या हाकेची वाट बघतेस? वायू गेल्यावर ती आपोआप गप्प होते, की कुणी बटण दाबेपर्यंत ओरडत राहते? या शेवटच्या प्रश्नावर भाचीचं मत पक्कं आहे. आपोआप गप्प होणारी डबी तिला आवडत नाही. "मावशी, वायू आला आणि गेला, डबी वाजली आणि थांबली, की माणूस म्हणतो, गेलं वाटतं. कुणीतरी हातानं बटण दाबलं, म्हणजे त्यानं आकडा वाचला, एवढं तरी कळतं."

सोमवारी पहाटे ती निघाली. मी डबा भरून दिला. चारही डब्यांची तिला पुण्याला जाण्याआधी एकदा पाहणी करायची होती. डबी सुरू केली की ती मोकळ्या हवेला शून्य मानून सुरुवात करते, त्यामुळे ती हवा खरोखर स्वच्छ हवी. धुरात सुरू केली तर धुरालाच शून्य समजून बसते आणि दिवसभर तेवढं कमी दाखवते. अंगणात आली, तर शेजारच्या वहिनींनी नेहमीप्रमाणे पालापाचोळा पेटवलेला. भाचीनं माझ्याकडे बघितलं, डब्या उचलल्या आणि मागच्या बाजूला, विहिरीपलीकडच्या शेताच्या बांधावर गेली. वारा तिकडून येत होता. तिथे तिनं एकेक डबी सुरू केली. पडद्यावर चारही आकडे उतरेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. २०.९, शून्य, शून्य, शून्य. तिनं वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि सही करून एस.टी. गाठायला निघाली.